वीतभर सवत

लाँड्रीवाल्या बाईंना सवत होती. वीतभर लांब, वरून चकचकीत पत्रा, पोटात लाकूड. माउथ ऑर्गनच तो, दुसरं काय! पण नवरा त्याचे जे लाड करायचा, ते बघून कुणाचंही पित्त खवळलं असतं.

दुकान दोघांचं. बाई कपडे धुवायच्या, नवरा इस्त्री करायचा. दुपारी ढीग उतरला की स्वारी चूळ भरायला जायची, तीही एकदा नाही, तीनदा. का, तर जेवणाचा कण भोकांत जाऊ नये! मग दोन गाणी वाजवायची, बाजा तळहातावर हलकेच आपटून आतली थुंकी झाडायची, मऊ फडक्याने पुसायचा आणि वाऱ्यावर उघडा ठेवायचा. ओला डबीत घातला तर आतल्या पट्ट्या खराब होतात म्हणे. सुकला का, हे पाच-पाचदा बघून यायचा. बाईंच्या हातांना सोड्याने भेगा पडल्या होत्या, त्या मात्र सव्वीस वर्षांत एकदाही दिसल्या नाहीत मेल्याला.

"आज खोकला झालाय मला," बाईंनी एकदा मुद्दाम सांगितलं.

"मग इकडे तोंड करून खोकू नकोस," तो म्हणाला आणि त्याने डबीचं झाकण लावलं.

झालं! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी तो कपडे पोचवायला गेला, तशी बाईंनी डबी उघडली. मोडायचा नव्हता हं त्यांना. तुमच्या लाडोबाला मीही न्हाऊ घालू शकते, आणि तुमच्यापेक्षा चांगलं, एवढंच दाखवायचं होतं. आता मळ म्हटला की बाईंना इलाज एकच ठाऊक: कोमट पाणी, साबण आणि तासभर भिजत घालणं. शर्टांबरोबर बाजाही बादलीत गेला, आणि तासाभराने पुसून परत डबीत.

नवरा आला, चूळ भरली, बाजा ओठांना लावला. फुस्स! लाकूड पाणी पिऊन टम्म फुगलं होतं. एक सूर निघेल तर शपथ.

बाई कंबर कसून भांडणाला तयार. पण तो ओरडलाच नाही. बारीक स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याने पत्रे उघडले, लाकूड फडक्यावर ठेवलं आणि पुटपुटला, "होशील रे बरा."

आता मात्र बाईंना राहवेना. "मी बुडवला तो! ओरडा की माझ्यावर! का तेवढीही किंमत नाही माझी?"

"ओरडून काय करू? तू चिडशील, रुसशील, दोन दिवस बोलणार नाहीस. जाऊन जाऊन जाशील कुठे? याचं तसं नाही ना. हा एकदा गेला की गेला. जपावंच लागतं त्याला."

हे त्याने इतक्या सहज सांगितलं की बाईंना रडूच आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"मी जाणार नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

तो हसला. मग बाई हसत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं.

"म्हणजे?"

बाईंनी पाठ फिरवली आणि बादलीतला शर्ट उचलला. मागे खुर्ची सरकली. लाकूड, पत्रे, स्क्रू सगळं तसंच टाकून तो उठून आला होता.

"अगं, म्हणजे काय? बोल ना काहीतरी!"

आवाजात भीती होती, खरीखुरी. आणि बाईंनी तो शर्ट अगदी सावकाश पिळला.