शीळ वाजवणारा ‘श’

असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमच्या नारायण पेठेत भूत आलंच, तर त्यालाही दारात उभं करून “काय काम आहे?” असं विचारतील. तरीही लिहितेय...

बावीस वर्षांची असताना मामाच्या ओळखीने मी एका जुन्या सागवानी शिडाच्या नौकेवरून मुंबई–गोवा शर्यतीला गेले होते. पोहायला विहिरीत शिकलेली, अंगात अक्कल बेताची, डोळ्यांवर मैत्रिणीचा गॉगल. भर दुपार, किनारा दिसेनासा झालेला. कप्तान सिने-कॅमेऱ्याने चित्रण करत होते, म्हणून मी केबिनच्या टपावर चढून पोज दिली. वारा फिरला की शिडाखालचा जाडजूड आडवा दांडा सपकन दुसऱ्या बाजूला येतो, हे मला चार वेळा बजावलेलं. मी वेणी सावरत होते.

तेवढ्यात अगदी कानाशी एक म्हातारी बोलली, “अहो शहाण्या बाई, खाली बसा.” ‘श’ला चक्क शीळ वाजली.

मी बसले. दांडा डोक्यावरून गेला.

नौकेवर माझ्याशिवाय चौघे पुरुष — दोन पंजाबी, एक मल्याळी, एक बंगाली. मराठी एकालाही येत नव्हतं. गोवा येईपर्यंत मी चौघांकडे संशयाने बघत होते. त्यांनी मात्र माझ्या चपळाईचं कौतुक केलं आणि मी ते निर्लज्जपणे घेतलं. आवाजाबद्दल आजवर कुणाला बोलले नाही.

गेल्या महिन्यात कप्तानांच्या मुलीने ती फिल्म पेनड्राइव्हवर पाठवली. माझ्या नातीने, सईने, टीव्हीला लावली. आवाज नाहीच, मूक फिल्म. गॉगलवाली ठोंबी वेणी सावरतेय, मागून दांडा निघालाय... आणि माझ्या तोंडून गेलं, “अहो शहाण्या बाई, खाली बसा.”

नव्या कवळीने ‘श’ला शीळ वाजवली.

पडद्यावरची मुलगी दचकली. सरळ समोर बघितलं — आणि बसली.

आधी सईवरच संशय घेतला. हल्ली फोनवर काय वाट्टेल ते बनवतात. ती म्हणाली, “आजी, तू काय बोलणार हे मला आधी कसं कळेल?”

तुम्ही म्हणाल, जुनं वाक्य आठवलं म्हणून बोललात. मान्य. मग त्या दिवशी कोण बोललं? आणि कवळी तर मी यंदाच बसवली.

पेनड्राइव्ह कवळीच्या डबीत ठेवलाय, तिथे सई हात घालत नाही. तिचं एकच टुमणं — एकदा फिल्म लावू आणि तू गप्प बस, बघू काय होतं.

तिचं काय जातंय? दांडा माझ्या डोक्याकडे येतोय.