खांबाला टेकलेली नायिका

सदोबा पेणकर गाताना खांबाला डोके टेकवून उभे राहत. नाटक मंडळीत ते नायिकेचे काम करीत, आणि नायिका बहुधा नवऱ्याने टाकलेली असे, त्यामुळे ते उभे राहणे तिला शोभतही असे. ठाण्यात त्यांचे खेळ झाले तेव्हा टेंभी नाक्यावरची पोरे दिव्याच्या खांबाला कान लावून त्यांची पदे म्हणत हिंडत होती. डोके टेकवण्याचे खरे कारण मंडळीबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते. मला ते कल्याणात कळले.

आम्ही तिथलेच. घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडिलांचा तेलाचा घाणा. नाटकाच्या दिव्यांना तेल आमच्याकडून जाई, म्हणून सुटीत मला मंडळी उतरली होती त्या धर्मशाळेत तालीम पाहायला बसता येई. पहिल्या दिवशी मी सदोबांच्या मागे उभा राहून म्हटले, "अण्णा, कालचे पद फार छान झाले." ते वळलेच नाहीत. मला वाटले, तेल्याच्या मुलाशी बोलायचे नसेल. तेवढ्यात पेटीवाले गोविंदबुवा हसत म्हणाले, "अरे, समोर जा त्याच्या. मागून तोफ उडाली तरी ऐकायचा नाही तो."

मी थक्क झालो. ज्याच्या गाण्याला अख्खे ठाणे लोटले, तो माणूस बहिरा?

समोर गेलो तेव्हा माझ्या ओठांकडे पाहत त्यांनी सगळ्याला नीट उत्तर दिले. "कान लहानपणी फुटले, ते फुटतच राहिले. पण माझा आवाज मला आतून ऐकू येतो बघ. तुमचाच येत नाही. त्याचं फारसं वाईटही वाटत नाही!" मग त्यांनी मला खांबाजवळ ओढले, कानांत बोटे घालायला लावली आणि कपाळ लाकडाला टेकवले. खांब ज्या फळ्यांवर उभा होता, त्याच फळ्यांवर गोविंदबुवांची पायपेटी होती; रंगमंचावरही ती तशीच मांडत. त्यांनी सूर धरला आणि तो माझ्या दातांपर्यंत आला.

"कळलं? आता कुठं बोलू नकोस," सदोबा म्हणाले. "बहिरा आहे म्हटलं की लोक गाणं ऐकत नाहीत, चुका शोधतात. हे गेलं तर मला दुसरं काही येत नाही रे."

बाकी सारे ते डोळ्यांनी भागवीत. राजाचे काम करणाऱ्या नटाला दटावत, "मिशी वर चिकटव मेल्या! तुझे ओठ झाकले की माझं भाषण गेलं." वन्समोअरही ते डोळ्यांनीच ओळखीत. लोक हात वर करून ओरडू लागले की नमस्कार करून पद पुन्हा सुरू. "उघडी तोंडं दिसली की माझं पोट भरतं," असे ते म्हणत.

कल्याणातला शेवटचा खेळ होता. गावची मंडळी इतकी खूश झाली होती, की नटमंडळी पंगतीला गेली असता त्यांनी रंगमंच लग्नाच्या मांडवासारखा सजवला. तोरणे लावली आणि दोन्ही खांबांना ताज्या केळीचे खुंट तळापासून वरपर्यंत सुतळीने घट्ट बांधले. पडदा वर गेला तेव्हा मलाही वाटले, किती शोभा आली!

मग सदोबांनी त्या खुंटाला डोके टेकवले. ओल्या, लिबलिबीत केळीतून सूर कसा चढणार? त्यांनी क्षणभर वाट पाहिली, डोके जरा सरकवले आणि अंदाजाने पद सुरू केले. गोविंदबुवांची बोटे त्यांना शोधत पेटीभर धावली, पण सदोबा दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी गात होते.

"अहो बाई, पेटी एकीकडे नि तुम्ही दुसरीकडे! काडीमोड झाला की काय?"

"बसा आता खाली! पुरे!"

लोक उठून उभे राहिले, हात नाचवून ओरडू लागले. सदोबांनी ती उघडी तोंडे पाहिली. त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी पदर सावरला, लवून नमस्कार केला आणि तेच पद पुन्हा पहिल्यापासून सुरू केले.

"अण्णा, नको!" मी ओरडलो. मांडव हसून लोळत होता. कोणीतरी म्हणाले, "अरे, ही बहिरी आहे काय?" तेव्हा गोविंदबुवा पेटीवरून उठले. "होय," ते म्हणाले, "बहिरा आहे तो." आणि खांबापाशी जाऊन त्यांनी सुतळी तोडली, केळ उपटून बाजूला टाकली.

उभे राहिलेले लोक एकेक करून खाली बसले. सदोबांनी त्या केळीकडे पाहिले, मग लोकांकडे. रंग लावलेला चेहराही पांढरा पडू शकतो, हे मला तेव्हा दिसले. उघड्या खांबाला डोके टेकवून त्यांनी ते पद तिसऱ्यांदा म्हटले. तसे गाणे मी पुन्हा ऐकले नाही. पद संपले तरी वन्समोअर कोणी दिला नाही. माणसे उपरण्याने डोळे पुसत होती. सगळी तोंडे मिटलेली होती.

सकाळी सदोबा विहिरीवर तोंड धूत होते. मी समोर जाऊन उभा राहिलो.

"आवडलं नाही ना त्यांना?"

"तसं नाही, अण्णा. लोक रडत होते."

"ते दिसलं मला. पण कोणासाठी? नायिकेसाठी की माझ्यासाठी?"

खोटे बोलावे असे मनात आले. पण ते माझ्या तोंडाकडे इतके टक लावून पाहत होते की जमले नाही. "तुमच्यासाठी," मी म्हटले.

त्यांनी मान हलवली. "मग संपलं. आता मी कुठंही उभा राहिलो तरी ती दिसायची नाही कुणाला."

मंडळीच्या गाड्या शीळच्या रस्त्याला लागायच्या होत्या. दोघेतिघे सामान बांधत होते, मीही हात लावला. वळून पाहतो तो सदोबा ओट्यावर न्हाव्यापुढे बसलेले. नायिकेसाठी त्यांनी कधी टोप घातला नव्हता, कमरेपर्यंतचे स्वतःचे केस वाढवले होते. पहिली बट ओट्यावर पडली. गोविंदबुवा हातातली पेटी टाकून धावले, "सदोबा, थांब! अरे सदोबा!" म्हणून जिवाच्या आकांताने ओरडू लागले.

त्यांची आमच्याकडे पाठ होती.