एकच पाहुणी

थायलंडला जायचं माझ्या थाई मैत्रिणीने ठरवलं होतं, मी फक्त हो म्हटलं होतं. नेदरलँड्समधल्या एनस्खेडेच्या विद्यापीठात आम्ही एका वर्गात होतो. मी तिच्याहून काही महिन्यांनी मोठी, म्हणून ती मला त्यांच्या भाषेत ताई म्हणायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. नवीन ठिकाणी कसं वागायचं हे घरी कोणाला विचारायची सोय नव्हती, म्हणून तिच्या गावी जायच्या आधी मी तिलाच सगळं विचारून घेत होते.

"पाय पसरून बसायचं नाही," ती म्हणायची. "तुझे तळवे बाबांच्या दिशेने झाले, की तुझं जेवण बंद."

"आणि लहान मुलं?"

"त्यांच्या डोक्याला हात लावायचा नाही."

"अगं, आमच्याकडे आशीर्वाद तसाच देतात."

"मग आशीर्वाद घरी ठेवून ये, ताई."

देवळात खांदे झाकायचे, मोठ्यांना आपण आधी हात जोडायचे, हे सगळं मी शिकले. मरणाच्या घरी कसं जायचं, हे मात्र विचारलं नव्हतं. सहलीला निघालेल्या माणसाला ते सुचत नाही.

मग कोरोना आला आणि विमानं बंद झाली. पुढे सुरू झाली तरी तिकडे उतरल्यावर दोन आठवडे विलगीकरणात राहावं लागे. त्याच काळात तिचे वडील हृदयविकाराने गेले. निघाली असती तरी ती वेळेवर पोहोचली नसती.

अंत्यविधी व्हिडिओवर बघायचा होता. इकडच्या सकाळी तिकडे दुपार होती. त्या महिन्यांत इथे घरी एकाच पाहुण्याला बोलवायची परवानगी होती. तिने मला बोलावलं. आमच्याकडे अशा घरात चूल पेटत नाही, शेजारी जेवण नेऊन देतात. म्हणून मी पहाटे उठून पिठलं-भात केला आणि डबा सायकलला अडकवून निघाले.

तिने दार उघडलं तेव्हा आतून आल्या-लसणाचा वास आला. गॅसवर मोठ्या पातेल्यात भाताची पेज होती. टेबलावर वाडगे मांडलेले, घरात होते नव्हते तेवढे सगळे.

"तू कशाला रांधलंस?" मी म्हटलं. "मी आणलंय ना."

"कोणी आलं तर त्याला उपाशी पाठवायचं?"

"आमच्याकडे अशा घरी पाहुणे पाणीसुद्धा घेत नाहीत गं."

ती हळू आवाजात म्हणाली, "आमच्याकडे आलेल्याला जेवू घालतात, ताई. ते मुलांचं काम असतं. तिकडे लोक जमवायला बंदी आहे. विहारात फक्त आई, भाऊ आणि भिक्खू आहेत. बाबांच्या नावाने कोणी जेवलेलं नाही. तू पण नाही जेवलीस, तर..."

मी डबा खाली ठेवला आणि बसले.

तिने वाडगा भरून दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवला. मोबाइलवर भिक्खूंचं पठण चालू होतं, मध्येच आवाज तुटत होता. मरणाच्या घरात मी कधी काही तोंडात घातलं नव्हतं, आणि समोर पडद्यावर शवपेटी दिसत होती. तरी मी पहिला घास गिळला.

पठण संपल्यावर तिची आई फोनजवळ आली. रडून तिचा चेहरा सुजला होता. तिने काहीतरी विचारलं, मैत्रिणीने मान हलवून लांबलचक उत्तर दिलं. आई डोळे पुसत ऐकत होती.

"काय म्हणाल्या?" मी कुजबुजले.

"विचारलं, तुझ्याकडे कोण कोण आलंय."

"मग?"

"मी सांगितलं, घर भरलंय. जेवणं चालू आहेत."

तिने माझा वाडगा पुन्हा काठोकाठ भरला. मी खुर्ची सरकवून मोबाइलला दिसणार नाही अशी बसले, आणि चमच्याचा आवाज करत जेवत राहिले.