बन्सीशेठच्या सुधारणा

आठ बिऱ्हाडं एका अंगणात राहिली की किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साचतात. निजामाच्या अमलात मी जालन्याला शाळामास्तर होतो आणि बन्सीशेठच्या वाड्यात भाड्याच्या खोलीत राहत होतो. सगळं जसंच्या तसं आठवतंय, असं मात्र छातीठोक सांगवत नाही.

बन्सीशेठना सुधारणांचा भारी नाद. खोलीत काहीतरी नवं करून द्यायचं आणि भाडं वाढवायचं! पहिली ऑफर मलाच आली.

"मास्तर, पुस्तकांसाठी भिंतीत फळ्या ठोकून देतो. महिन्याला चार आणे जास्त."

मी एम.ए. झालेला माणूस! तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी हो म्हणालो.

"आता सहा आणे," शेठ म्हणाले. "तीन दिवस विचार केला, म्हंजे गरज मोठी हाय!"

मी दिले. सगळं अंगण आठ दिवस हसत होतं.

*

शेजारी करीमचाचा शिंपी. शेठनी त्यांना उजेडासाठी रस्त्याकडं खिडकी पाडून दिली. भाडं आठ आण्यांनी वाढलं. आठवड्यात चाचा धावत आले.

"शेठ, खिडकी बुजवा, जल्दी! गिऱ्हाईक रस्त्यावरूनच बघून राह्यलं, त्याचं कापड तसंच पडलंय म्हणून!"

"बुजवतो की! आतलं बाहेर दिसणार न्हाई, ही पण सुधारणाच. आणखी चार आणे!"

*

अडलं ते यमुनाबाईंपाशी. या तीर्थपुरीच्या. नवरा गेल्यावर पापड-कुरडया करून एकट्या राहायच्या. त्यांच्या मातीच्या जमिनीवर शेठना शहाबादी फरशी घालायची होती. भाडं रुपयानं वाढणार होतं आणि तो रुपया त्यांना झेपणारा नव्हता.

"मला फरशी नगं, शेठजी. माझं सारवलेलंच बरं हाय."

"मंग संक्रांतीला खोली खाली करा!"

मी मध्ये बोलायला हवं होतं. शब्द जुळवत बसलो, तोवर शेठ निघून गेल्ते.

*

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शेठ शेवटचं सांगायला आले. साक्षीदार म्हणून मला सोबत घेतलं. सकाळची कडाक्याची थंडी. यमुनाबाईंनी चहा ठेवला. शेठ सारवलेल्या जमिनीवर बसले, हळूहळू पाय पसरले, गुडघे चोळले. चहा संपला तरी उठेनात.

"यमुनाबाई," शेवटी खालच्या आवाजात म्हणाले, "घरच्या फरशीनं माझे गुडघे धरलेत. एका खोलीची फरशी उखडतो. अशी जमीन करून द्याल का?"

"देते की! माती चोपून देईन, दर आठ दिवसाला सारवीन. पण शेठजी, ही सुधारणा झाली. ही खोली माझ्याकडंच ऱ्हाईल, अन् भाडं एक रुपया कमी!"

शेठनी माझ्याकडं पाहिलं. मी फळीवरच्या डब्यांकडं.

"तीन दिवस विचार करून सांगतो," शेठ म्हणाले.

"करा की! चौथ्या दिवशी दीड रुपया!"