तळाशी ठेवलेला कुपा

सेमिसी ऑस्ट्रेलियात पेअर तोडायला गेला, तेव्हा घरात पैसे फारसे ठेवून गेला नाही. मासे मात्र ठेवून गेला. जायच्या आधी तो रोज पहाटे होडी काढत होता आणि लेसिएली मागच्या दारी सुरी घेऊन बसत होती. खवले काढायचे, पोट साफ करायचं, एका जेवणाला पुरतील एवढेच तुकडे एका पिशवीत भरायचे, तळहातानं दाबून आतली हवा काढायची आणि पिशवी चपटी करून फ्रीझरमध्ये आडवी ठेवायची. चपट्या पिशव्या एकावर एक नीट बसतात, लवकर गोठतात आणि लागतील तेव्हा लवकर सुटतात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. गोळा करून गोठवलेली कोंबडी एकदा संध्याकाळभर दगडासारखी पडून राहिली आणि पोरींवर उपाशी झोपायची वेळ आली, तेव्हा ती आपणच शिकली.

फ्रीझर घराच्या पुढच्या खोलीत होता, पेटीसारखा, वरून उघडणारा. त्यावर भरतकामाचं कापड, कापडावर सासू-सासऱ्यांचे फोटो आणि कागदी फुलांचा तांब्या. म्हणजे झाकण उघडायचं तर आधी सासू-सासऱ्यांना उचलून चटईवर ठेवावं लागे.

त्या पेटीत काय नव्हतं? रविवारी उमूच्या, म्हणजे जमिनीतल्या भट्टीच्या, तापल्या दगडांवर भाजलेला नीरफणस उरला, की सोलून फोडी करून आत. अळूची पानं जून व्हायच्या आधी वाफवून, घडी घालून आत. नारळ खवून मुठीएवढे गोळे. काळी पडायला लागलेली केळी सोलून. चिन्याच्या दुकानात संध्याकाळी उरलेला पाव स्वस्तात मिळे. तो कापून, दोन-दोन कापांमध्ये कागद घालून. कोंबडीच्या तंगड्यांचा मोठा खोका जहाजातून आला, की इतर घरांत दोन दिवस चैन चाले आणि मग पुन्हा कसावा नि मीठ. लेसिएलीच्या घरी तोच खोका सुरीखाली जाई आणि महिनाभर चाले.

गावात याची थट्टा होई. वावाऊच्या बेटावर उरलंसुरलं डुकरांना घालायची रीत आहे. "लेसिएलीचं डुक्कर बघितलंस?" बायका चटया विणता विणता म्हणत. "कायम उपास. पाद्रीबाबांपेक्षा भक्त आहे."

"आणि रविवारचं जेवण तिच्याकडे गुरुवारी होतं. देवालाही आठवण ठेवावी लागत असेल, हिचा रविवार कधी म्हणून."

लेसिएली केवड्याची पात दातात धरून हसायची. ती इथली नव्हती, हापाईच्या एका लहान बेटावरून लग्न होऊन आली होती. तिथे माती थोडी आणि पोरं पुष्कळ. भावंडांत थोरली तीच, त्यामुळे घरातलं संपलं की आई तिच्या हातात वाडगा देई आणि म्हणे, "जा, शेजारून माग." मागण्यात तिथे कुणाला काही वाटत नाही, सगळेच मागतात, सगळेच देतात. पण लेसिएलीला वाटे. आतली बाई हातातलं काम संपवून उठेपर्यंत दारात उभं राहायचं, आणि तोपर्यंत नजर कुठे ठेवायची ते तिला कधी जमलं नाही. लेक मेलेआने जन्मली, तेव्हा तिनं मनाशी एक ठरवलं: ही पोर कुणाच्या दारात वाडगा घेऊन उभी राहणार नाही. फ्रीझर त्यासाठी होता. सेमिसी परत येईपर्यंत तो पुरायला हवा होता.

आणि तो पुरू न देणारं माणूस दर बुधवारी दारात येत होतं.

पिसिला ही सेमिसीची थोरली बहीण. विधवा, पोरंबाळं नाहीत, अंगानं भारदस्त, चाल त्याहून भारदस्त. भावाच्या घरात बहिणीचा शब्द शेवटचा. पोरींची तर ती आत्या, म्हणजे तिनं घरातली भिंत मागितली तरी भिंत काढून द्यायची. सेमिसी घरी असताना ती अंगणातूनच बोलून जायची, कारण मोठं झाल्यावर बहीणभावानं एका खोलीत ऐसपैस बसणं बरं दिसत नाही. आता भाऊ परदेशी, त्यामुळे ती सरळ आत येऊ लागली. लेसिएली मागे भांडी घासत असे आणि पुढच्या खोलीत फोटो चटईवर टेकवल्याचा आवाज येई. मग झाकणाचा.

"लेसिएली, हा मोठा तांबोशी नेते गं."

"न्या ना, वन्सं."

"आणि ही काय, बोय? ही पण नेते. बारकी आहे, तुला काय करायची."

"न्या."

दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. पण एकटीच्या पोटात एवढा मासा जातो कुठे, हे लेसिएलीला कळेना. तीन बुधवार झाले आणि एका बाजूचा थर कोपरभर खाली गेला. त्या दिवशी तिनं झाकण लावलं, ते बराच वेळ दोन्ही हातांनी दाबून धरलं.

मग तिनं एक युक्ती केली. फ्रीझरच्या तळाशी निळ्या पोत्यात सेमिसीचं आमिष असायचं: माकूळ, माशांची डोकी, आतडी. कोळ्याच्या घरात हे असायचंच आणि वासामुळे त्याला कुणी हात लावत नाही. लेसिएलीनं चांगल्यातला चांगला कुपा, काटे काढलेला, लिंबाची पानं घालून बांधलेला, त्या पोत्यात खाली ठेवला आणि वर आमिष पसरलं. पुढच्या बुधवारी पिसिलानं पोतं बोटानं ढकललं, नाक मुरडलं आणि सुरमई घेऊन गेली. लेसिएलीला त्या रात्री शांत झोप लागली, आणि आपल्याला शांत झोप लागली याची थोडी लाजही वाटली.

असं महिनाभर चाललं. मग एक दिवस ती चर्चमधल्या बायकांबरोबर विणायला बसली असताना घरी नेमकं नको ते झालं. परत आली तर फोटो उलटसुलट जागी ठेवलेले, सासरे डावीकडे.

"आत्या आली होती," मेलेआने म्हणाली. "सुनियाकाकांना आमिष हवं होतं. आत्या म्हणाली, सेमिसी नाही तर ते पडून काय कामाचं? पोतंच देऊन टाकलं."

लेसिएली दाराकडे धावली. समोर दूरवर म्हाताऱ्या कोळ्याची, सुनियाची होडी दिसत होती. एवढा कुपा! पोरींच्या किती जेवणांचा कुपा, तो म्हातारा आता तुकडे करून समुद्रात सोडत असणार. आणि तिला कुणाला हाकही मारता येत नव्हती. काय म्हणून मारणार? काका, थांबा, ते मी नणंदेपासून लपवलेलं आहे?

संध्याकाळी सुनिया स्वतःच आला. पोतं खांद्यावर होतं. ते त्यानं उंबऱ्यात ठेवलं आणि पायरीवर बसला.

"पोरी, सगळं आयुष्य समुद्रात गेलं माझं," तो म्हणाला, "पण काटे काढलेलं आमिष आज पहिल्यांदा पाहिलं. वर लिंबाचं पान! असं आमिष लावलं तर मासा गळाला लागायच्या आधी प्रार्थना म्हणेल."

लेसिएलीनं मान खाली घातली.

"वरचं वापरलं मी. खालचं आहे तसं आणलंय, बर्फाच्या पेटीत ठेवलं होतं. पिसिलाला काही बोललो नाही. बोलणारही नाही."

"तुम्ही त्यातला घेऊन जा ना थोडा, काका."

"मला कशाला? मला परवाच मिळाला तुमच्याकडचा."

"आमच्याकडचा?"

"तांबोशी. पिसिला देऊन गेली. म्हणाली, सेमिसीनं पाठवलाय. म्हटलं, सेमिसी तर तिकडे झाडावर चढलाय. तर म्हणते, चढू दे, त्याचा हात इथेच आहे." सुनिया हसला. "दर आठवड्याला एकेक घर धरते ती. आमच्याकडे म्हातारी अंथरुणाला खिळलीय म्हणून, शाळेमागच्या त्या बाळंतिणीकडे, पाद्रीबाबांकडे. स्वतःला डोकी ठेवते, रश्श्याला."

लेसिएलीनं पोतं जवळ ओढलं. "पण का?"

"का म्हणजे? होडी बांधून ठेवलेल्या घराची आठवण राहते होय कुणाला? सहा महिने ज्या घरातून काही आलं नाही, ते घर माणसं विसरतात. वाईटपणानं नाही, आपसूक." तो उठला. "तुझ्याकडे खेकडे आले मागच्या आठवड्यात. कोनफळं आली. तुला वाटलं, चालत आले?"

तो गेल्यावर लेसिएलीनं फोटो उतरवले आणि झाकण उघडलं. थंड वाफ तोंडावर आली. खेकडे होते, गावातल्या माफीच्या पोरानं आणले होते, तिनं उकडून, गर काढून ठेवले होते. कोनफळं होती, फोडी करून. मयताच्या घरून आलेलं डुकराचं मांस होतं. दारात आलेलं नीट आवरून ठेवताना तिला दर वेळी आपल्याच काटकसरीचं कौतुक वाटलं होतं. गेलेली प्रत्येक पिशवी तिच्या लक्षात होती. आलेलं कुठून आलं, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता. थर खाली गेलाच नव्हता फारसा. नुसते मासे जाऊन त्या जागी दुसरं काहीतरी बसलं होतं.

तरीही भीती गेली नाही. ती अशी समजावून जात नाही. कुपा तिनं पुन्हा तळाशीच ठेवला.

बुधवारी पिसिला आली ती आत आलीच नाही. दारात घुटमळली.

"लेसिएली, एक चूक झाली माझ्याकडून," ती म्हणाली. "ते आमिष मी सुनियाला देऊन बसले. सेमिसी आल्यावर त्याला लागेल, हे डोक्यातच आलं नाही. त्याला नको सांगूस. मी माकूळ आणून देईन."

भावाच्या घराची भिंत मागू शकणारी ही बाई, चार माशांच्या आतड्यांसाठी तिच्यापुढे खाली बघत उभी होती. लेसिएलीला ते बघवेना.

"वन्सं, ते आमिष नव्हतं," ती म्हणाली. "कुपा होता. मी लपवला होता. काकांनी परत आणून दिला."

"कुणापासून लपवला होतास?"

पिसिलाला कळायला थोडा वेळ लागला. मग तिचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"बरं," ती म्हणाली आणि वळली. पायऱ्या उतरू लागली, रिकाम्या हातांनी.

नणंद भावाच्या घरातून अशी गेली तर गाव काय म्हणेल, हे लेसिएलीच्या मनात आलंही नाही. तिला फक्त ती रुंद पाठ दिसली, आणि त्या पाठीमागे आपण किती एकटे राहू ते दिसलं.

"वन्सं, मला भीती वाटते," ती म्हणाली.

पिसिला थांबली. "कशाची?"

"संपेल याची. तो यायच्या आत संपेल, आणि मेलेआनेला लोकांच्या दारात पाठवावं लागेल. मी उभी राहिलेय तशी. मला अजून स्वप्नं पडतात हो."

पिसिला परत चढून आली. चटईवर बसली, गुडघे चोळले.

"घाबरतेस होय?" ती म्हणाली. "मग तसं सांगायचं. मला वाटलं, कंजूष आहेस. मी तर गावभर सांगून ठेवलंय, माझी भावजय कंजूष आहे पण कामाला वाघीण. आता त्यातलं काय काय परत घेऊ?"

लेसिएलीला हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले.

"आणि संपलं तर संपलं. पोर माझ्याकडे येईल, झाकण उघडेल, घेऊन जाईल. मी तुला कधी विचारते का? मग ती मला का विचारेल? मागायला परक्यांकडे जावं लागतं."

"मला आधी सांगायचं तरी, वन्सं, मासे कुणाला देता ते."

"सांगितलं असतं तर तू बारके बारके निवडून दिले असतेस."

हे खरं होतं.

मग दोघींनी मिळून फोटो उतरवले आणि त्या प्रथमच एकत्र आत डोकावल्या. पिसिला एकेक पिशवी उचलून विचारत होती आणि लेसिएली सांगत होती. हे नारळाचे गोळे. हा नीरफणस, तव्यावर टाकला की झालं. ही केळी, पोरींना नुसतीच आवडतात. पिसिलानं पावाचे काप हातात घेतले, मधला कागद ओढून पाहिला, सहज सुटला. "हं," ती म्हणाली. तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ झालं. कुपा निघाला, तेव्हा दोघींनीही त्याच्याकडे बघायचं टाळलं. मग लेसिएलीनंच त्यातली एक पिशवी काढली.

"ही त्या बाळंतिणीला. काटे नाहीत यात."

"आणि बाकीचा?"

"बाकीचा राहू दे, वन्सं."

पिसिलानं हातातलं वजन अजमावलं, भावजयीकडे पाहिलं आणि मान डोलावली. माशांच्या डोक्यांची पिशवी मात्र तिनं न विचारता काखेत मारली. पायऱ्या उतरून गेली, फाटकापाशी थांबली आणि तिथून ओरडून म्हणाली,

"पुढच्या बुधवारी येते. फारच घाबरली असशील तर निरोप पाठव, मी घरून जेवून येईन."