मावशीने शहराचं माप घेतलं

माझ्या मावशीला गावात सगळे टेपमावशी म्हणतात, कारण तिच्या गळ्यातला मापाचा टेप उतरलेला कुणी पाहिलेला नाही. जेवताना असतो, भांडताना असतो. एकदा ताप चढला म्हणून तिला दवाखान्यात नेलं, तेव्हाही तो होताच, आणि नर्सचा अॅप्रन खांद्यात चुकलाय हे तिने एकशे तीन तापात सांगितलं. नर्सने नंतर तो दुरुस्तीला आणून दिला.

माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन मावशीकडे राहायला आली ती तिथलीच झाली. पुढच्या खोलीत दुकान, मागे घर. मावशी कापायची आणि मशीन चालवायची; आई खिडकीशी बसून काजं-बटणं आणि हातशिलाई करायची. एकतीस वर्षं हे असं चाललं. गिऱ्हाईक म्हणजे शाळेचे गणवेश, दुकानातून आणलेल्या आणि आखूड करायच्या पँटी, आणि वजन वाढलं हे कबूल नसलेली माणसं. मावशीच्या कपाटात मात्र खालच्या खणात जुन्या नाटकांच्या फोटोंची कात्रणं होती. लांब शेपट्यांचे कोट, शंभर चुण्यांचे झगे. ती ते फोटो भिंगाने बघायची आणि म्हणायची, "बघ, बाहीत घोळ घातलाय."

मग एक दिवस एका प्रवाशाच्या कोटाचं अस्तर फाटलं आणि तो आमच्या दुकानात शिरला. मावशीने अस्तर शिवून दिलं आणि कोट मुळात कुठे चुकलाय तेही ऐकवलं. माणूस निघाला शहरातल्या एका नाट्यगृहाचा व्यवस्थापक. दोन महिन्यांनी पत्र आलं: पोशाख विभागातले मुख्य मास्तर निवृत्त होताहेत, ती जागा घ्याल का? महिनाअखेरपर्यंत कळवा.

मावशी तेव्हा बावन्न वर्षांची होती. असं पत्र दुसऱ्यांदा येत नाही हे तिला कळत होतं. आणि आईला कापता येत नाही, त्यामुळे ती गेली की दुकान बंद, हेही कळत होतं. समोरचा शिंपी आईला काजांचं काम द्यायला एका पायावर तयार होता, तेव्हा प्रश्न पोटाचा नव्हता. प्रश्न दोन बहिणींचा होता.

दुसरी कुणी असती तर चार लोकांना विचारती, जाऊ का नको. मावशीने मापाची वही उघडली, नवं पान घेतलं आणि दुकानात येईल त्याला म्हणू लागली, "शहरातलं वाईट काय ते सांगा. चांगलं सांगाल तर पँट शिवून देणार नाही."

आईने शहर फक्त टीव्हीवर पाहिलं होतं, पण त्याच्याविषयी तिला सगळं ठाऊक होतं. तिच्या तोंडाचा पट्टा दोन दिवस सुरू होता. धूर, चोर, पाण्याची बोंब, मेलं तरी दार न उघडणारे शेजारी. मावशी मान खाली घालून लिहीत होती. शेवटी आई म्हणाली, "आणि कुठेतरी चौथ्या मजल्यावर राहशील. माझे गुडघे हे असे. मी काही तिकडे यायची नाही."

मावशीने तेही लिहिलं. "जिने. ताई येणार नाही."

मग वही घेऊन ती आठ दिवस माझ्याकडे शहरात आली. मी इथे एका दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं पुकारते. नोकरी फार थोर नाही, पण शहर माझं आहे असं मला वाटतं. मी तिच्यासाठी बेत आखला होता: तळ्याकाठची बाग, मोठा बाजार, पुलावरून दिसणारे दिवे. तिने हात हलवून तो उडवून लावला.

"चांगलं ते राहायला आल्यावर बघेन. ते काय पळून जातंय?"

मला रागच आला. पण तिच्या मागे फिरले. सकाळी आठच्या बसमध्ये, जिच्यात मी स्वतः कधी चढत नाही, ती मुद्दाम चढली. पाऊस झाला त्या दिवशी छत्री घेऊन कुठे किती पाणी साचतं ते बघून आली. नाट्यगृहाजवळ एक खोली रिकामी होती, चौथ्या मजल्यावर. तिथे गळ्यातला टेप काढून तिने खिडकी मोजली, कपाट मोजलं, सकाळी सात वाजता नळ उघडून पाणी किती वेळ येतं ते घड्याळ लावून पाहिलं. जिना चढताना मोठ्याने मोजला. चौऱ्याहत्तर पायऱ्या.

शेजारी एक निवृत्त पोस्टमन राहायचे. "इथलं सगळ्यात वाईट काय?" असं मावशीने दारातच विचारलं. मी शरमेने भिंतीकडे बघत होते. पण पोस्टमनकाकांचा चेहरा असा खुलला, जणू हा प्रश्न कुणी विचारेल म्हणून ते वीस वर्षं थांबले होते. दीड तास बोलले. चहाही त्यांनीच केला. दारं न उघडणाऱ्या शेजाऱ्यांच्या ओळीवर मावशीने तिथल्या तिथे काट मारली. घरमालकीण मात्र दुखावली. "माझ्या घरात वाईट काही नाही," ती म्हणाली. मावशीने लिहिलं, "मालकीण खोटं बोलते. फार नाही."

नाट्यगृहाचा पोशाख विभाग तळघरात होता. खिडकी नाही, कापायचं टेबल बुटकं. निवृत्त होणाऱ्या मास्तरांना तिने विचारलं, "डोळे कशाने गेले?" ते हसले आणि वरच्या पिवळ्या दिव्याकडे बोट केलं. तिने लिहिलं, "दिवा आपला न्यायचा. टेबलाखाली विटा." मग ती कोटांच्या रांगेपाशी गेली आणि एकेक कोट उलटा करून आतली शिलाई बघायला लागली. अर्धा तास तेच चाललं होतं. वही बंद होती. एकाही कोटाची चूक तिने लिहिली नाही, आणि तेव्हाच मला कळलं की ही बाई आता थांबत नाही.

ती गावी परतली तेव्हा मीही दोन दिवसांची रजा घेऊन बरोबर गेले. मावशीने आईसमोर वही ठेवली. तीन पानं भरली होती. प्रत्येक ओळीपुढे खूण: खरं, खोटं, सोसवेल.

"ठरलं माझं," ती म्हणाली. "सगळं मोजून आले."

आईने हातातली सुई खाली ठेवली नाही. काज करता करता म्हणाली, "त्या खोलीत बसलीस किती वेळ?"

"म्हणजे?"

"चढलीस, उतरलीस, नळ पाहिलास. बसलीस किती वेळ?"

मावशीचा चेहरा उतरला. तिच्याकडे शिकायला आलेल्या प्रत्येक मुलीला ती पहिल्याच दिवशी सांगायची की माणसाचं माप नुसतं उभं घेऊ नका, त्याला खुर्चीवर बसवा. उभ्याने बेतलेली पँट खुर्चीत उसवते. इतरांना ओरडून शिकवलेली गोष्ट ती स्वतः विसरली होती, आणि तेही शहराच्या बाबतीत. तिने टेप दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "चुकलंच माझं."

पुढच्या रविवारी ती पुन्हा शहरात आली. मालकिणीकडून एका दिवसासाठी किल्ली घेतली. मला सांगितलं, यायचं नाही, फोन करायचा नाही. कापड नेलं नाही, सुई नेली नाही, फक्त एक स्टूल आणि वही. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ती त्या रिकाम्या खोलीत नुसती बसली. तिच्यासारख्या बाईला ही शिक्षाच होती. मला दिवसभर काही सुचलं नाही. सहाला मी जिन्याच्या तळाशी जाऊन उभी राहिले.

ती हळूहळू उतरली. डोळे सुजलेले.

"रडले," तिने सरळ सांगितलं. "दोनदा. जेवणाच्या वेळी आणि मग चार वाजता. चार वाजता ताई काजं बाजूला ठेवते आणि 'चहा टाकू का?' म्हणते ना. तिथे कुणी म्हणालंच नाही."

"मग नको जाऊस," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? कुठे घट्ट होतंय ते आता कळलं. कळलं की बसवता येतं अंगाला." तिने नाक पुसलं. "जाणार मी. पण ताईला सांगायला तू बरोबर चल. मला एकटीला धीर नाही."

तीच ती, एकशे तीन तापात नर्सला सुनावणारी.

दुसऱ्या दिवशी गावी दुकानात शिरलो तेव्हा आई खिडकीशीच होती. मावशीने उभ्याउभ्या वही पुढे केली. शेवटच्या पानावर एकच ओळ होती: "चार वाजता ताई नाही." पुढची खूण तिने कोरी ठेवली होती.

आईने चष्मा लावून ती ओळ वाचली. बराच वेळ वाचली, चार शब्दांना लागतो त्याहून कितीतरी जास्त. मग उठली, मावशीच्या गळ्यातला टेप ओढून काढला आणि म्हणाली, "सरळ उभी राहा."

"काय करतेस?"

"त्या तळघरात थंडी असणार. तुझ्याकडे एक धड कोट नाही. गावाला शिवून घालतेस आणि स्वतः पोतं पांघरतेस."

"तुला कापता येत नाही, ताई."

"समोरचा कापून देईल. शिवीन मी. हात वर कर."

एकतीस वर्षांत मावशीचं माप कुणी घेतलं नव्हतं. ती शाळेतल्या मुलीसारखी हात वर करून उभी राहिली. आईने खांदा मोजला, पाठ मोजली, बाही मोजली, आणि वहीत त्या एका ओळीखालीच आपल्या वाकड्या अक्षरात आकडे लिहिले. मग पायाने खुर्ची पुढे सरकवली.

"आता बस."

मावशी बसली. आई तिच्या पाठीशी उभी राहून पुन्हा माप घेऊ लागली. दोघींची तोंडं एकमेकींना दिसत नव्हती, आणि तेच बरं होतं, कारण दोघी रडत होत्या. मला मात्र दोघी दिसत होत्या.

"पण ट्रायलशिवाय कोट द्यायचा नाही हा आपला नियम आहे," मावशी म्हणाली. "आणि मला तर पुढच्या सोमवारी हजर व्हायचंय."

"माहितेय मला नियम," आई म्हणाली. तिने टेप गुंडाळून मावशीच्या गळ्यात परत घातला. "कच्चे टाके घालून मीच घेऊन येईन तिकडे. किती पायऱ्या म्हणालीस?"

"चौऱ्याहत्तर."

"मधे बसायला एक स्टूल ठेव."