सरांनी लाईन बंद केली

महाडच्या एमआयडीसीत मला नोकरी लागली तेव्हा आई वाडीत सगळ्यांना सांगायची, "पोर कंपनीत गोल्या बनवते." आमच्या कारखान्यात गोळ्या बनतच नव्हत्या. गोळीत जे खरं औषध असतं त्याची पांढरी पूड तिथे तयार व्हायची, पिंपांत भरून दुसऱ्या कंपन्यांकडे जायची आणि त्या कंपन्या तिच्या गोळ्या करायच्या. मी प्रयोगशाळेत ती पूड तपासायचे. आईला मी हे कितीदा समजावलं, पण तिला गोळ्याच बऱ्या वाटायच्या.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगरात. घरटी एक तरी माणूस मुंबईला. माझा थोरला भाऊ मात्र गेला नाही. आयटीआय करून तो माझ्याच कारखान्यात ठेकेदाराकडे लागला. औषधाची रसायनं जिथे मोठ्या बंद भांड्यांत, म्हणजे रिॲक्टरांत, शिजतात त्या लाईनवर तो होता. मी आत एसीत पांढऱ्या कोटात, तो बाहेर हेल्मेट आणि गमबुटात. सकाळी मात्र दोघं एकाच मोटारसायकलवरून घाट उतरायचो.

माझी मुलाखत सरांनी घेतली होती. ते आमचे प्लँट हेड. मार्कांबद्दल त्यांनी काहीच विचारलं नाही.

"एखादा प्रयोग फसला असेल ना कधी? तो सांग," म्हणाले.

कॉलेजात एका बाटलीवरचं लेबल चुकीचं होतं आणि त्यामुळे माझं उत्तर रोज चुकत होतं, ते मी सांगितलं.

"मग फसलेले आकडे फाडलेस की ठेवलेस?"

"ठेवले."

"का?"

"फाडायचे असतात हे माहीत नव्हतं, सर."

ते मोठ्याने हसले. मी त्यांना असं हसताना पुढे फार वेळा पाहिलं नाही.

सर महाडजवळच्याच एका गावचे. वडील गल्फमध्ये ट्रक चालवायचे. मुंबईत नातेवाइकांकडे राहून सर औषधनिर्माण शास्त्र शिकले, वापीला शिफ्टमध्ये राबले, मग हैदराबाद, मग काही वर्षं जर्मनी. आमच्या कंपनीत आले ते थेट मोठ्या हुद्द्यावर. पुढे सगळ्या कारखान्यांचे संचालक तेच होणार हे मुंबईच्या ऑफिसातला शिपाईसुद्धा सांगायचा. तरी महाडचा कारखाना त्यांनी मागून घेतला, कारण त्यांची आई गावचं घर सोडायला तयार नव्हती.

ईदला ते आम्हा सगळ्यांना घरी बोलवायचे. त्यांची आई ठेंगणी, डोक्यावरून ओढणी घेतलेली, आणि सरांपेक्षा कितीतरी बोलकी. पहिल्या वर्षी शिरखुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू त्या पोलादपूरकडची ना गो? खा. लाजू नको. आमचा हा घरात बोलत नाय, तिकडं तरी बोलतो का?" सर मान खाली घालून वाट्या भरत राहिले.

महाडला सरांचा अभिमान होता. कुठल्याही शाळेचा कार्यक्रम असो, पाहुणे म्हणून सर. आपल्या मातीतला पोरगा एवढा मोठा झाला, असं लोक भाषणात म्हणायचे आणि सर खुर्चीत अवघडून बसायचे.

मग जगात कुठेकुठे बातम्या यायला लागल्या की ब्लडप्रेशरच्या काही औषधांत एक नकोसा पदार्थ सापडतोय. प्रमाण अगदी सूक्ष्म, पण वर्षानुवर्षं रोज पोटात गेला तर कॅन्सरची भीती. आम्हीही ब्लडप्रेशरचंच औषध बनवत होतो. आमची कृती वेगळी होती, त्यामुळे आम्हाला कुणी काही विचारलं नव्हतं. सरांनी मात्र भांडूनतंडून एक नवं यंत्र आणवलं आणि ते माझ्याकडे सोपवलं.

पहिली तपासणी ठीक आली. दुसरी, तिसरी ठीक. मग काही जुन्या लॉटच्या, म्हणजे आधीच्या खेपांच्या, आलेखात त्या पदार्थाची रेघ उठली. मी यंत्र धुतलं, नमुना पुन्हा घेतला, सहकाऱ्याकडून करून घेतला. रेघ तिथेच होती, आणि ती परदेशात ठरवलेल्या मर्यादेच्या वर होती.

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी कागद पाहिला आणि खिडकीकडे पाहत बसले. खाली दुपारची शिफ्ट आत येत होती.

"तुझी खात्री आहे?"

"आहे, सर."

"बस मग," म्हणाले, आणि मुंबईला फोन लावला. स्पीकरवरच लावला, मला तिथे बसवून.

पलीकडचे साहेब आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. ते गोड बोलले. पुन्हा तपासा, बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवा, घाई नको. मग म्हणाले, "आणि ही मर्यादा आपल्याकडे अजून लागू नाहीये."

सर म्हणाले, "मर्यादा लागू नसेल, सर. औषध तर लागू होतंय."

मग ते साहेब म्हणाले, "तुमचं नाव पुढच्या महिन्यात बोर्डासमोर जातंय. एवढं लक्षात असू द्या."

"लक्षात आहे," सर म्हणाले.

त्याच संध्याकाळी त्यांनी लाईन थांबवली. ज्या कंपन्यांना ते लॉट गेले होते त्यांना स्वतःच्या सहीने कळवलं, सरकारी औषध खात्याला कळवलं. बाजारातला माल परत घ्यायचं ठरलं तेव्हा ते एका गोष्टीसाठी अडून बसले. सूचनेत पहिलं वाक्य असं हवं की कुणीही आपल्या मनाने गोळी बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी. "घाबरून गोळी सोडली तर माणूस उद्या अर्धांगाने पडेल," म्हणाले. मसुदा मुंबईहून तीनदा बदलून आला आणि तीनदा त्यांनी ते वाक्य परत वर घेतलं.

दुसऱ्या दिवशी गेटवर कामगार जमले. एचआरचे लोक म्हणत होते, आम्ही बोलतो, तुम्ही जाऊ नका. सर गेले. हेल्मेट काढून हातात धरलं आणि उभे राहिले. मी थोडी मागे होते. दादा तिसऱ्या का चौथ्या रांगेत होता.

काय सापडलं ते सरांनी सोप्या शब्दांत सांगितलं. चूक कामगारांची नाही, कृतीतच कुठेतरी आहे, ती शोधू, तोवर ही लाईन बंद राहील.

"कायमवाल्यांना दुसरीकडं लावाल. ठेकेदारीवाल्यांचं काय, साहेब?" एक जण म्हणाला.

"ठेकेदाराशी मी बोलतोय. जमेल तेवढ्यांना दुसऱ्या विभागात घेऊ. सगळ्यांना घेता येणार नाही."

"मग बाकीच्यांनी काय करायचं?"

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "माझ्याकडे याचं उत्तर नाही. खोटं सांगणार नाही."

मागून कुणीतरी शिवी दिली. सर तिथेच उभे राहिले. गर्दी पांगेपर्यंत ते आत गेले नाहीत.

ज्यांना दुसरीकडे घेतलं त्यांत दादा नव्हता. माझा भाऊ म्हणून त्याचं नाव घालावं असं मी सरांना म्हणू शकले असते. मी म्हटलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

घरी दादा ओट्यावर बसला होता. वहिनी चुलीपाशी. मी बूट काढत होते तेवढ्यात म्हणाला, "तुझ्याच मशीनवर सापडलं ना गो?"

"हो."

"मंग झालं तर. भैणीनं धरलं आन् भावाची भाकर गेली."

"दादा, त्यात कॅन्सर होण्यासारखं होतं."

"कुणाला झाला? एक मानूस दाखव."

"असा दाखवता येत नाही तो. वर्षं जातात." मग मी ते सांगितलं जे तोवर आईसमोर बोलले नव्हते. आई विहिरीवर गेली होती. "दादा, आईच्या डब्यात तीच गोळी होती. आमच्याच पुडीची. मी कालच डॉक्टरांना फोन करून तिची गोळी बदलून घेतली."

वहिनीने फुंकणी खाली ठेवली. मला वाटलं, आता दादाला कळेल. त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "मंग तेवढंच करायचं होतंस. आयेची गोली बदलायची. सगल्या जगाची कशाला घेतलीस डोक्यावर?"

माझ्याजवळ याला उत्तर होतं. आईसारख्या आया सगळीकडे आहेत, वगैरे. पण त्याच्या तोंडाकडे बघून ते बोलवेना. आठवड्याभरात तो भिवंडीला एका गोदामात कामाला गेला. गणपतीला आला, आरतीला माझ्या शेजारी उभा राहिला, पण बोलला नाही. शिमग्यालाही नाही. मोटारसायकल ओट्यापाशीच उभी राहिली आणि मी बसने घाट उतरू लागले.

गावागावांत सरांबद्दल वाईट बोललं जात होतं. पोरांचं वाटोळं केलं, स्वतः मात्र गाडीतून फिरतो. दुसऱ्या कंपनीकडून काही घेतलं असणार, असंही. काहींनी त्यांच्या धर्मावर जायलाही कमी केलं नाही. त्यांत काल त्यांच्या गळ्यात हार घालणारेही होते. शाळांची बोलावणी थांबली. बोर्डासमोर त्यांचं नाव गेलंच नाही. संचालक दुसरेच झाले.

सर रोज येत राहिले. आम्ही काही जण त्यांच्याबरोबर कृतीची एकेक पायरी उलगडत बसलो. धुवायला वापरलेलं रसायन शुद्ध होऊन पुन्हा वापरात यायचं, आणि त्या फेऱ्यांत तो पदार्थ हळूहळू साठत जायचा. सापडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले आणि म्हणाले, "हे आपल्याला आधी दिसायला हवं होतं. मला दिसायला हवं होतं."

नवी कृती बसली, तपासणीस येऊन गेले, लाईन सुरू झाली. ती सुरू झाली त्या दिवशी सर तिथे नव्हते. त्यांना मुंबईला सल्लागार म्हणून बोलावून घेतलं होतं. काचेची केबिन, आणि सल्ला विचारायला कुणी येत नसे. काही महिन्यांनी राजीनामा देऊन ते गावी परतले. छोट्या कारखान्यांना तपासणीची घडी बसवून द्यायचं काम घेऊ लागले. आई आजारी होती, तिचं करायचे. मी अधूनमधून जायचे. एकदा त्यांना म्हटलं, "सर, तुम्ही संचालक असता तर सगळ्याच कारखान्यांत हे करता आलं असतं."

"हो," ते म्हणाले. "हा विचार मीपण करतो. रोज करतो." आणि आईला औषध द्यायला आत गेले.

गेल्या वर्षी त्यांची आई गेली. निरोप आला तेव्हा दादा सुट्टीवर घरी होता. मी निघाले तर तो मोटारसायकल काढून उभा. "बस," एवढंच म्हणाला.

मी आत बायकांत बसले. माजघरात आईचा पलंग रिकामा होता, उशीपाशी तिची जपमाळ. बाहेर माणसं जमत होती, त्यांत आमच्या लाईनवरचे बरेच दिसले. जनाजा उचलला तेव्हा दारातून मी पाहिलं, दादा पुढे झाला आणि त्याने खांदा दिला. वळणापर्यंत तो दिसत होता.

कबरस्तानातून लोक परतले. शेजारच्या घरून चहा आला, तो घेऊन मी बाहेर आले. सर पडवीत भिंतीला टेकून बसले होते. दादा त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"साहेब, मी त्या लाईनवर होतो. ठेकेदाराकडं."

"ओळखलं. रिॲक्टरवर. हिचा भाऊ."

"तुमचा राग हाय मला. अजून गेला नाय."

सर म्हणाले, "असू दे."

"पर म्हातारी चांगली होती. ईदला आमच्या पोरीला बांगड्या धाडल्या होत्या. म्हनून आलो."

"बस," सरांनी बाजूची चटई सरळ केली. दादा बसला. दोघांनी चहा घेतला. लाईन पुन्हा सुरू झाली आहे, जुन्या माणसांना घेतायत, बोलू का, असं सरांनी विचारलं. दादा नको म्हणाला. भिवंडीत आता तो सुपरवायझर होता, पोरांना तिकडची शाळा मिळाली होती. मग दोघं घाटातल्या रस्त्याच्या कामाबद्दल बोलत बसले.

त्याच सुमारास मला गुणवत्ता विभागाचं प्रमुखपद देऊ केलं होतं. लाईन थांबवायची की नाही यावर आता माझी सही असणार होती. माझं ठरत नव्हतं. सरांना विचारायचं म्हणून कितीदा निघाले होते, पण त्या दिवशी विचारण्यात अर्थ नव्हता. परतताना महाडच्या एसटी स्टँडसमोर दादाने गाडी थांबवली. त्याला तिथूनच भिवंडीकडची गाडी धरायची होती. किल्ली माझ्या हातात देऊन पिशवी खांद्याला लावत म्हणाला, "आई म्हनत होती, तू मोठी सायबीन व्हनार हायस."

"अजून हो म्हटलं नाही."

"का?"

"सरांचं काय झालं ते बघितलंस ना. आणि तुझं."

त्याने स्टँडवरच्या गर्दीकडे पाहिलं. "घे," म्हणाला. "दुसऱ्या कुनी घेतलं तर काय तो सांगनार हाय का आपल्याला, आयेच्या गोलीत काय हाय ते?"

गाडी लागली. तो चढला, खिडकी मिळाली, तिथून हात केला. मी मोटारसायकल वळवली आणि पोलादपूरच्या रस्त्याला लागले. सोमवारी मी कंपनीला होकार कळवला.